सरांचा फळा आणि सातशे एमबी

स्मरणिका समितीचा फोन आला. "तू एवढी वर्षं व्हिडिओच्या क्षेत्रात आहेस, तर त्याचा इतिहास लिही. पण बोजड नको, सगळ्यांना कळेल असं लिही." समितीतले दोघे शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचे आणि माझ्या वहीतला गृहपाठ उतरवून घ्यायचे. आता त्यांनीच मला गृहपाठ दिला आहे. त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक प्रश्न आला: "दहावीच्या सेंड-ऑफची कॅसेट तुझ्याकडे होती ना? सरांनी फळ्यावर लिहिलेलं मोठं करून वाचता येईल का? हल्ली काय वाटेल ते करता येतं म्हणे." मी त्यावर हो किंवा नाही काहीच लिहिलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर सांगायचं तर समितीने मागितलेला इतिहासच सांगावा लागतो, म्हणून दोन्ही इथे एकत्र लिहिते.

पुढच्या-मागच्या बॅचच्या वाचकांसाठी आधीची गोष्ट. फेब्रुवारी १९९६. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, त्याआधी निरोप समारंभ. चिपळूणच्या बाजारपेठेतले शूटिंगवाले काका खांद्यावर भला मोठा कॅमेरा आणि डोळे दिपवणारा दिवा घेऊन आले होते. भाषणं झाली, बटाटेवडे झाले, आणि मग भूमितीचे सर खडू घेऊन फळ्याकडे वळले. त्यांनी तीन रकाने आखून आम्हा ४१ जणांची नावं हजेरीच्या क्रमाने लिहिली आणि प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहिला. फक्त एक. बोलले काहीच नाहीत. माझ्या नावापुढे होतं 'का?', प्रश्नचिन्हासकट. मी त्यांना प्रत्येक प्रमेयाला 'का' विचारत असे, ते त्यांनी असं परत केलं. काकांनी कॅमेरा फळ्यावर स्थिर धरला होता. नंतर शिपाईमामांनी नेहमीप्रमाणे फळा पुसला. सर २०११ साली गेले. त्यांनी आपल्या प्रत्येकाबद्दल काय ठरवलं होतं, याचा एकमेव पुरावा म्हणजे ती कॅसेट.

आता त्या कॅसेटबद्दल. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची फीत, तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा लेप, आणि गरगर फिरणाऱ्या ड्रमवरची हेड्स त्या लेपावर तिरक्या रेघांमध्ये चित्र लिहून ठेवतात. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असायची आणि प्रत्येक चित्रात दिसणाऱ्या ५७६ आडव्या रेषा. गणपतीत टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर पाहिलेल्या आपल्या पिढीला त्या पद्धतीचे दोन दोष चांगले माहीत आहेत. कॅसेटची कॉपी काढली की चित्र पुसट होतं, कॉपीची कॉपी काढली की आणखी पुसट. आणि कोकणच्या पावसात फितीला पांढरी बुरशी धरते.

हे दोन्ही दोष टाळायचे तर चित्राचे आकडे करावे लागतात. आकड्याची कितीही वेळा नक्कल केली तरी आकडा पुसट होत नाही. टीव्हीच्या चित्राचे आकडे कसे करायचे, याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८२ सालीच ठरलं: आपल्या पद्धतीसाठी एका चित्राचे ७२० गुणिले ५७६ ठिपके. पण हिशेब मांडला की घाम फुटतो. तेवढे ठिपके, सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक ठिपक्याला रंगासकट १६ बिट्स, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.६ कोटी बिट्स. आपल्या तीन तासांच्या कॅसेटचे होतात जवळपास २२४ जीबी. त्या काळातल्या घरगुती संगणकाला हे पेलणारं नव्हतंच. म्हणून आकडे कमी करणं भाग होतं, आणि माझं बहुतेक करिअर याच कामात गेलं.

आकडे कमी करण्याच्या मुळाशी एका भारतीयाचं नाव आहे. नासिर अहमद, जन्म बंगळुरूचा, इंजिनिअरिंगही तिथलंच. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी एक गणिती पद्धत सुचवली आणि तिच्यावर काम करण्यासाठी १९७२ साली तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. तरीही त्यांनी काम पुरं केलं, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली तो निबंध छापला. पद्धतीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. तुमच्या मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ आजही तिच्यावर किंवा तिच्या भावंडांवर चालतो.

ती करते काय? चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ढोबळ भाग किती आणि बारीक भाग किती, हे वेगळं करायचं. माणसाच्या डोळ्याला ढोबळ फरक चटकन कळतात, बारीक फरक फारसे कळत नाहीत. मग बारीक भाग टाकून द्यायचा. त्यातच दुसरी युक्ती: एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जेवढं बदललं तेवढंच लिहायचं, बाकीचं आधीच्या चित्रातून उचलायचं. दूध आटवून खवा करण्यासारखंच हे आहे. डब्यात मावतो, प्रवासाला सोपा जातो. पण जे उडून गेलं ते गेलं. खव्यात पाणी घातलं तर पांढरं पाणी मिळतं, सकाळचं दूध मिळत नाही.

१९८८ साली 'एमपेग' नावाचा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. त्यांचं पहिलं मानक १९९३ चं. त्यावर व्हीसीडी निघाली: ३५२ गुणिले २८८ ठिपके, एका सीडीवर ७४ मिनिटं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलवर एका मुलीकडे संगणक होता. पिक्चरच्या दोन-तीन सीडी भाड्याने यायच्या आणि सीडी बदलायची वेळ नेमकी हिरो जिन्यावरून उडी मारताना यायची. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली होती, पण आमच्यापर्यंत पोचायला तिला बरीच वर्षं लागली. मला त्या चौकोनांचं भारी कुतूहल. धावपळीच्या दृश्यात पडद्यावर चौकटी का दिसतात? सरांनी फळ्यावर लिहिलेला माझा शब्द तिथे कामाला आला.

२००२ साली पदवी हातात पडली आणि पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत नोकरी लागली. शाळांसाठी शैक्षणिक सीडी तयार करायचं काम. मी सॉफ्टवेअर लिहायला होते, पण माणसंच कमी म्हणून एडिटिंगही शिकले. तिथे एक ज्येष्ठ एडिटर होते. त्यांची हयात टेपवरच्या एडिटिंगमध्ये गेलेली. दोन मशीन शेजारी ठेवून एकावरून दुसऱ्यावर तुकडे उतरवत जायचं. अर्धा तासाचं काम झाल्यावर पाचव्या मिनिटाला एक जादा शॉट घालायचा म्हटलं, तर त्यापुढचं सगळं पुन्हा. संगणकाने ती शिक्षा रद्द केली. अ‍ॅव्हिडची यंत्रणा १९८९ पासून होती, अ‍ॅडोबीचं प्रीमिअर १९९१ पासून. पण ती छोट्या स्टुडिओच्या आवाक्यात आली ती १९९५ च्या डीव्ही कॅमेऱ्यांमुळे. एक केबल जोडली की टेपवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात उतरायचे, तासाला सुमारे १३ जीबी. रात्री रेंडरिंगला लावून घरी जायचं आणि देवाला वीज जाऊ नये म्हणून नमस्कार करायचा.

या एडिटर काकांनी मला पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगितला होता: "काम संपलं तरी मूळ टेप टाकायची नाही. फायनल ही फायनल नसते."

२००३ च्या दिवाळीत मी चिपळूणला गेले आणि शाळेच्या ऑफिसातून आपली कॅसेट मागून आणली. बुरशी साफ केली, संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड घातलं आणि तीन तास कॅसेट चालवली. तेव्हा डिव्हएक्सची लाट होती. माझ्या डोक्यात एकच: सगळी कॅसेट एका सीडीत बसली पाहिजे, म्हणजे सगळ्यांना पाठवायला स्वस्त. चित्र ३५२ गुणिले २८८ केलं, बिट्स दाबत दाबत खाली आणले आणि तीन तास ७०० एमबीत बसवले. २२४ जीबीचे ७०० एमबी, म्हणजे ३२० भागांतला एक ठेवला. मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू! सीडी पोस्टाने सगळ्यांना गेल्या, तुमची पत्रं आली, ईमेल आल्या. कुणीच फळ्याबद्दल काही म्हटलं नाही. तेव्हा सगळ्यांना स्वतःचा शब्द पाठ होता.

कॅसेट परत करायला गेले तर शाळेने सांगितलं, तुझ्याकडेच राहू दे, इथे पावसात खराब होईल. २००४ च्या शेवटी भाड्याची खोली बदलताना मी ती टाकून दिली. सगळं सीडीत आहेच, असं म्हणून. शूटिंगवाल्या काकांच्या दुकानात मूळ कॅसेट होतीच. २६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि त्यांच्या कपाटांतल्या लग्नामुंजींबरोबर आपला निरोप समारंभही चिखलात गेला.

नियम मला कुणी शिकवला नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. चूक माझी आहे आणि ती मी शिकलेल्या कामातली आहे.

त्याच २००५ सालात जगात काय चाललं होतं बघा. २३ एप्रिलला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या जावेद करीमचा, १९ सेकंदांचा. पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरना घेतली. मी तेव्हा व्हिडिओ बनवण्याकडून व्हिडिओ पोचवण्याकडे वळले, आणि दुसरा इतिहास सुरू झाला.

पोचवण्याची अडचण आपल्या गावाच्या भाषेत सांगते. मुंबईचा पेपर वाचायला प्रत्येकाला मुंबईच्या छापखान्यात जावं लागलं असतं तर? म्हणून गठ्ठे रात्रीच्या गाडीने निघतात आणि स्टँडवरच्या एजंटाकडे पोचतात. इंटरनेटवर ही एजंटांची व्यवस्था उभी करणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी अकामाय, १९९८ सालची. एमआयटीतले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लुइन यांनी ती काढली. लुइन ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानात होता. त्या दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर जगाची झुंबड उडाली आणि ती पेलायला त्याच्याच कंपनीची यंत्रणा राबत होती.

२००३ मध्ये एच.२६४ हे मानक आलं. तेवढ्याच बिट्समध्ये आधीपेक्षा बरंच चांगलं चित्र. २००७ ला आयफोन आला, आणि २००९ मध्ये अ‍ॅपलने व्हिडिओ काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवायची पद्धत आणली. प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवायचा. पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागायचा हे तुमचा फोन रेंज बघून ठरवतो. घाटात चित्र पुसट होतं आणि घाट उतरल्यावर स्वच्छ होतं, ते यामुळे. फोनने ते कसं ठरवायचं, हे सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं कित्येक वर्षांचं काम.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि आमचे सगळे अंदाज मोडले. ज्यांच्यासाठी आम्ही लिहीत होतो ते शहरातले प्रेक्षक अल्पसंख्य झाले. जुलै २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख जण पाहत होते. २०२३ च्या अंतिम सामन्याला हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. बाहेरच्यांना वाटतं, माणसं वाढताना कठीण जात असेल. खरी धडकी माणसं जाताना भरते. धोनी धावचीत झाला की कोट्यवधी माणसं एकाच क्षणी मागे जायचं बटण दाबतात आणि सगळी मुखपृष्ठावर येऊन आदळतात. सामना दाखवणाऱ्या यंत्रांना अचानक काम नाही, मुखपृष्ठाच्या यंत्रांवर चेंगराचेंगरी. त्या दिवशी अख्खा देश हळहळत होता आणि आमच्या धंद्यातले लोक आलेख बघत होते.

मग २०२० आलं. शाळा फोनमध्ये गेल्या. आपल्या कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगर चढली. मी तेव्हा ऑनलाइन वर्गांच्या एका यंत्रणेवर काम करत होते. आमचं सॉफ्टवेअर क्रिकेटवर वाढलेलं. रेंज कमी झाली की ठिपके कमी कर, पण हालचाल तुटू देऊ नको, असं त्याला शिकवलेलं. चाचणीत एका शिक्षिकेचा वर्ग बघत होते. रेंज पडली. बाईंचे हात छान हलत होते आणि त्यांच्या मागे फळ्यावर नुसता राखाडी डाग होता.

तो डाग मी ओळखला. माझ्या ७०० एमबीत तो कधीचा आहे.

त्याच आठवड्यात आम्ही वर्गांपुरता नियम उलटा केला. रेंज पडली तर सेकंदाला २५ ऐवजी ५ चित्रं पाठवा, बाई अडखळत हलल्या तरी चालतील, पण अक्षर वाचता आलं पाहिजे. पाढे, समीकरणं, नकाशे सगळं फळ्यावर असतं. एवढ्या वर्षांत मी लिहिलेल्या कोडपैकी सरांना दाखवावासा वाटला असता, तो हा तुकडा. चाळीसेक ओळींचा असेल.

आता ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर. मूळ कॅसेटवर फळ्याने पडदा भरला होता. तीन रकाने, रकान्यात चौदा नावं. एका ओळीच्या वाट्याला चाळीसेक रेषा, अक्षराला त्यातल्या वीसेक. माझ्या फाइलमध्ये अक्षराला उरल्या दहा, आणि त्यातलाही बारीक भाग टाकलेला. खडूचं अक्षर म्हणजे नुसता बारीक भाग. नावं कशीबशी ओळखता येतात, कारण हजेरीचा क्रम आपल्याला पाठ आहे. शब्द ओळखता येत नाहीत.

आपल्यातला जो २०१४ साली गेला, त्याच्या आईने गेल्या वर्षी मला विचारलं, "माझ्या लेकासमोर सरांनी काय लिहिलं होतं ग?" त्याने घरी सांगितलं नव्हतं. मी दोन आधुनिक सॉफ्टवेअर वापरून पाहिली, चित्र सुधारून देणारी. एकाने एक शब्द दाखवला, दुसऱ्याने दुसरा. दोन्ही सुबक अक्षरांत, दोन्ही छान अर्थाचे. ही सॉफ्टवेअर हरवलेलं शोधत नाहीत, तिथे काय असावं याचा अंदाज करून चितारतात. ते शब्द मी इथे लिहीत नाही, कारण छापलं की ते खरं ठरेल. काकूंनाही सांगितले नाहीत. सांगितलं एवढंच, की मला वाचता येत नाही आणि ते माझ्यामुळे.

अशी चूक मोठमोठ्यांनी केली आहे. १९६९ साली चंद्रावरून आलेलं थेट चित्रण टीव्हीसाठी रूपांतरित करताना बरंच पुसट झालं. मूळ, जास्त स्वच्छ चित्रण ज्या टेपांवर होतं, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. रूपांतरित चित्रण सगळ्या जगाकडे होतंच, मग मूळ कशाला जपायचं? भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज नाही. पोचवण्याचं तंत्र दर दहा वर्षांनी बदलतं आणि प्रत्येक वेळी आपण नव्यात मावेल तेवढं उचलतो आणि जुनं फेकतो. त्या क्षणी काय महत्त्वाचं आहे ते कळत नाही. २००३ साली मला आपला नाच महत्त्वाचा वाटला, फळा नाही.

आजवर ४१ पैकी २९ जणांनी आपापला शब्द आठवून मला कळवला आहे. ती यादी समितीकडे दिली आहे. राहिलेल्यांनी कृपया कळवा. खात्री नसेल तर 'नक्की आठवत नाही' असं लिहा, गोड काहीतरी रचू नका.

आणि एक शक्यता उरली आहे. समारंभानंतर काही पालकांनी शूटिंगवाल्या काकांकडून कॅसेटच्या कॉप्या विकत घेतल्या होत्या. कॉपी पुसट असेल, पण पूर्ण रेषांची असेल. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, आईच्या साड्यांच्या कपाटात बघा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनीही २०१६ मध्ये थांबली, आणि फितीवरचा लेप दरवर्षी झडतो आहे, तेव्हा पुढच्या संमेलनापर्यंत थांबू नका. सापडली तर कोरड्या जागी उभी ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर कुठल्याही मशीनमध्ये घालू नका आणि 'जरा चालवून बघू' म्हणू नका, फीत तुटेल. आधी मला फोन करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, पूर्ण दर्जात उतरवेन, एक प्रत पुण्यात आणि एक चिपळूणला ठेवेन. आणि कॅसेट तुम्हाला परत आणून देईन.